प्लॅटिनमचे बिऱ्हाड

हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचा संयोग ज्वालेवाचून घडवून त्यातून वीज मिळवता येते, हे विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ साली दाखविले तेव्हा त्यांच्या हाताशी जे प्लॅटिनम होते, तेच आजच्या इंधन-विद्युत् घटातही आहे. बदलले आहे ते त्याचे बिऱ्हाड. ग्रोव्ह यांच्या पट्ट्यांच्या जागी आता दोन ते पाच नॅनोमीटरांचे कण आले असून ते काजळीच्या भुकटीवर पसरलेले असतात, कारण या महार्घ धातूचा पृष्ठभाग तेवढा उपयोगी पडतो. अंतर्भाग म्हणजे अडकून पडलेले भांडवलच.

खरी पंचाईत काजळीची आहे. घट सुरू-बंद होताना विद्युद्दाब क्षणमात्र फार चढला, की तिच्यातील कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होऊन जातो, आणि निराधार झालेले कण एकमेकांना चिकटून निकामी होतात. म्हणून, सुमिओ इइजिमा यांनी १९९१ साली ज्यांचे वर्णन प्रसिद्ध केले त्या कार्बनच्या सूक्ष्म नळ्यांकडे संशोधक वळले. परंतु त्यांची भिंत इतकी गुळगुळीत, की प्लॅटिनमला मुक्कामाला जागाच सापडेना. तीव्र आम्लाने भिंतीवर खाचा पाडल्या तर कण बसतात खरे, पण ज्या अखंड जाळीमुळे नळी वीज वाहते आणि क्षरणाला दाद देत नाही, ती जाळीच फाटते.

जपानमधील क्यूशू विद्यापीठात नाओतोशी नाकाशिमा व त्यांचे सहकारी यांनी काढलेला मार्ग मला म्हणूनच विशेष मोलाचा वाटतो. ज्याच्या तंतूंचे पोशाख आगीशी झुंजणारे जवान वापरतात, ते पॉलिबेंझिमिडॅझोल नावाचे बहुवारिक आपल्या सपाट वलयांनी नळीच्या षट्कोनी जाळीला, तिचा एकही बंध न तोडता, बिलगते. आणि त्याच्या साखळीतील नायट्रोजनचे अणू प्लॅटिनमचे आयन असे धरून ठेवतात, की क्षपण होताच कण तेथेच रुजतो. त्या वेष्टनात फॉस्फरिक आम्ल मुरविले की ते प्रोटॉनांनाही वाट देते. मग शंभर अंशांच्या वर, बाहेरून ओलावा न पुरविता घट चालतो, आणि हायड्रोजनात भेसळलेला कार्बन मोनॉक्साइड प्लॅटिनमवर पूर्वीसारखा अंमल बसवू शकत नाही.

हे बहुवारिक स्वतः मात्र इलेक्ट्रॉन वाहून नेत नाही. थर जाड झाला तर नळी आणि कण यांच्यामध्ये तोच अडसर व्हायचा; म्हणून नळ्यांना न बिलगलेला त्याचा अंश द्रावकाने धुऊन काढण्याचे काम, किरकोळ दिसले तरी, फार जपून करावे लागते.