शनिवारी बंद राहणारे बंदर

आपल्या कोकणात, रायगड जिल्ह्यात, पूर्वी 'शनवार तेली' राहत. ते धर्माने यहुदी. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा वार. त्या दिवशी घाणा बंद. म्हणून लोकांनी हे नाव पाडले.

आता समुद्रापलीकडची गोष्ट ऐका. ग्रीस देशात सालोनिका नावाचे मोठे बंदर आहे. आज त्याला थेस्सलोनिकी म्हणतात. एके काळी हे सारे बंदरच शनिवारी बंद राही! माल उतरवणार कोण? हमाल यहुदी, नावाडी यहुदी, व्यापारीही पुष्कळसे यहुदी. हमालाला तिथेही हमालच म्हणत, बरे का. शब्द मूळचा अरबी.

हे लोक तिथे आले कसे? १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने यहुद्यांना देशाबाहेर काढले. सालोनिकावर तेव्हा तुर्की सुलतानाचे राज्य होते. सुलतान दुसरा बायझीद याने त्यांना आसरा दिला. कर जादा द्यावा लागे, मानही मुसलमानांपेक्षा कमी. पण कर भरला की आपले प्रार्थनाघर, आपली शाळा, आपले पंच चालवायला मोकळीक. चारशे वर्षे ते घरात स्पेनची भाषा बोलत राहिले.

पुढे ते साम्राज्य खिळखिळे झाले. एकेक मुलूख सुटू लागला. १९०९ साली बिगर-मुसलमानांनाही लष्करात सक्तीची भरती आली. कित्येक पोरं अमेरिकेला निघून गेली. १९१२ च्या लढाईत ग्रीसने सालोनिका घेतले. १९१७ साली मोठी आग लागली. सुमारे ७०,००० लोक उघड्यावर आले, त्यांत बहुतेक यहुदी. १९२३ साली ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी माणसांची अदलाबदल ठरवली. मुसलमान तिकडे गेले, ग्रीक निर्वासित इकडे आले. यहुदी जागच्या जागी राहिले, पण आपल्याच गावात थोडे झाले.

१९२४ साली रविवारची सुट्टी सक्तीची झाली. आता हमालाने काय करावे? शनिवार पाळावा तर आठवड्यात दोन दिवस मजुरी बुडते. न पाळावा तर धर्म बुडतो.

सुलतानाचे राज्य चांगले होते असे मी म्हणत नाही. त्याला कर हवा होता. घरात भाषा कोणती, याची त्याला फिकीर नव्हती. नव्या राज्याला सगळे एकसारखे हवे होते.

काही हमाल पॅलेस्टाईनमधल्या हैफा बंदरात गेले. काही कुटुंबे फ्रान्सला गेली. १९४१ साली जर्मन फौजा आल्या. १९४३ साली त्यांनी सुमारे ४५,००० यहुद्यांना आगगाडीत कोंबून औशवित्झच्या छावणीत नेले आणि बहुतेकांना मारले. परतले ते फार थोडे. गावातली त्यांची जुनी दफनभूमी १९४२ सालीच उखडली गेली होती. आज तिथे विद्यापीठ आहे.