सात आसनी गाडीतील मूळ स्पीकर बदलण्यापूर्वी दरवाजाची रचना समजून घेणे आवश्यक

भारतीय बाजारपेठेत 2000 मध्ये दाखल झालेली क्वालिस, त्यानंतर 2005 मधील इनोव्हा आणि 2012 मधील एर्टिगा यांच्यामुळे सात आसनी गाडी हे मोठ्या कुटुंबाच्या प्रवासाचे नेहमीचे साधन बनले. अशी गाडी घेताना आसने, वातानुकूलन आणि टचस्क्रीन यांची बारकाईने चौकशी होते. दरवाजाच्या जाळीमागील स्पीकरची सहसा होत नाही. पहिल्या लांबच्या प्रवासात मात्र उणीव जाणवते. शेवटच्या रांगेत बसलेल्या आजी-आजोबांना गाण्याचे शब्द कळत नाहीत, म्हणून आवाज वाढवला जातो आणि पुढच्या रांगेतील मंडळींचे कान किटतात.

यामागील कारण साधे आहे. या वर्गातील अनेक गाड्यांत चारही स्पीकर पुढच्या व मधल्या दरवाजांत असतात, तिसऱ्या रांगेसाठी स्वतंत्र स्पीकर नसतो. शिवाय खर्च आणि वजन आटोक्यात ठेवण्यासाठी मूळ स्पीकरला बहुधा कागदी कोन आणि लहान चुंबक दिलेले असते. टायर व वाऱ्याचा आवाज मागच्या भागात अधिक घुमतो, तो वेगळाच. त्यामुळे खर्च करण्यापूर्वी टचस्क्रीनवरील पुढे-मागे आवाज वळवण्याची सोय एकदा तपासून पाहावी. आवाजाचा भर थोडा मागे नेल्यावर काही कुटुंबांची तक्रार तेथेच मिटते.

तरीही स्पीकर बदलायचे ठरले, तर दुकानात सर्वप्रथम वॅटचा आकडा पुढे केला जातो. खोक्यावर ठळक छापलेले 300 किंवा 500 वॅट हे क्षणिक कमाल क्षमतेचे असतात. सलग पेलता येणारी क्षमता आरएमएस या नावाने लहान अक्षरांत दिलेली असते. गाडीच्या बॅटरीचा दाब 12 ते 14 व्होल्टच्या आसपास असल्याने, स्वतंत्र अॅम्प्लिफायर नसलेली म्युझिक सिस्टीम प्रत्येक स्पीकरला प्रत्यक्षात सुमारे 15 ते 22 वॅटच स्वच्छ शक्ती देऊ शकते. अशा वेळी संवेदनशीलता हा निकष अधिक उपयोगी पडतो. 90 डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरला 87 डेसिबलच्या स्पीकरइतकाच आवाज काढण्यासाठी निम्मी शक्ती पुरते. जड, महाग स्पीकर मूळ सिस्टीमवर बसवल्यानंतर आवाज पूर्वीपेक्षा दबल्याचा अनुभव येतो, तो बहुतेकदा याच कारणाने.

मूळ स्पीकर किती ओहमचा आहे, हेही पाहावे लागते. सर्वसाधारण गाड्यांत तो 4 ओहमचा असतो, पण कंपनीचाच अॅम्प्लिफायर असलेल्या काही गाड्यांत त्याहून कमी ओहमचे स्पीकर असतात. पुढच्या खांबावर किंवा डॅशबोर्डवर वेगळा ट्वीटर असल्यास दरवाजात आणखी एक ट्वीटर असलेला कोअॅक्सिअल स्पीकर बसवल्याने आवाज कर्कश होतो. तेथे क्रॉसओव्हरसह येणारा कंपोनंट संच योग्य. मोजमाप घेताना व्यासाइतकीच खोलीही महत्त्वाची असते. काच पूर्ण खाली घेतल्यावर ती नव्या स्पीकरच्या चुंबकाला घासणार नाही, याची खात्री पॅनेल बंद करण्यापूर्वी करावी.

दरवाजा हाच स्पीकरचा डबा असतो, ही बाब अनेकदा दुर्लक्षित राहते. पत्रा थरथरत असेल आणि कडेच्या फटीतून हवा निसटत असेल, तर उत्तम स्पीकरचाही खर्ज हरवतो. बाहेरच्या पत्र्यावर आतून ब्युटाइलचे पट्टे चिकटवणे आणि स्पीकरभोवती फोमचे कडे बसवणे, या तुलनेने स्वस्त कामांनी मोठा फरक पडतो. डांबरी पट्टे उन्हाळ्यात मऊ पडतात व वास येतो, म्हणून ते टाळलेले बरे. काचेच्या फटीतून पावसाचे पाणी दरवाजाच्या पोकळीत उतरतच असते आणि तळाच्या छिद्रांतून निघून जाते. ती छिद्रे बुजवू नयेत. पॅनेलमागील प्लास्टिकचा पडदा फाडून टाकल्यास तेच पाणी पायाशी येते. कोकण, मलबार किंवा ईशान्य भारतातील पावसात कागदापेक्षा पॉलिप्रॉपिलीनचा कोन आणि रबरी कडा अधिक टिकतात.

खरी जोखीम मात्र सुरक्षेची आहे. काही गाड्यांत बाजूच्या धडकेची जाणीव देणारा दाब-संवेदक पुढच्या दरवाजाच्या पोकळीत असतो. धडकेने दरवाजा आत दबताच पोकळीतील हवेचा दाब वाढतो आणि एअरबॅग उघडण्याचा संकेत जातो. मोठ्या स्पीकरसाठी पत्रा कापून भोक वाढवले किंवा मूळ झाकण काढून टाकले, तर या गणितात बिघाड होऊ शकतो. खांबातून जाणारी ट्वीटरची तार पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅगच्या मार्गात येता कामा नये. काम सुरू करण्यापूर्वी गाडी बंद करून बॅटरीची ऋण तार सोडवावी आणि काही मिनिटे थांबावे.

मूळ तारा कापण्याऐवजी त्या गाडीसाठी मिळणारा कपलर वापरावा. कापलेल्या तारांमुळे विद्युत बिघाडाचा वॉरंटी दावा अडचणीत येऊ शकतो. धन-ऋण टोके उलट जोडली गेल्यास दोन बाजूंचे स्पीकर एकमेकांचा खर्ज खोडतात. हे ओळखण्यासाठी तार जोडण्यापूर्वी दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या टोकांना क्षणभर लावतात. कोन बाहेर सरकला, तर सेलचे धन टोक ज्याला लागले तेच स्पीकरचे धन टोक होय.

चारही स्पीकर एकदम बदलण्याची गरज नसते. आधी पुढची जोडी बदलून काही दिवस ऐकावे आणि मग मधल्या दरवाजांचा विचार करावा, कारण तिसऱ्या रांगेपर्यंत आवाज तेथूनच पोहोचतो. आवाज स्वच्छ झाल्यावर तो कमी ठेवूनही शब्द कळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास ऐकणे सुरक्षित मानले जाते, तर 90 डेसिबलला ही मर्यादा अवघी 4 तासांवर येते. रुग्णवाहिकेचा भोंगा चालकाला बंद काचांतूनही ऐकू यावा, इतपत आवाज ठेवणे इष्ट. काढलेले मूळ स्पीकर, क्लिप आणि स्क्रू एका खोक्यात जपून ठेवावेत. गाडी विकताना ते पुन्हा बसवून नवी जोडी पुढच्या गाडीत नेता येते.