बीड रस्त्यावरचा कापसाचा ट्रक

मानवत-सेलूच्या जिनिंग-प्रेसिंगमधून निघणारी कापसाची गाठ कशी असते, हे आमच्या परभणी जिल्ह्यातील वाचकांना सांगायला नको. दाबून बांधलेली एक गाठ साधारण १७० किलोची भरते. अशाच गाठींनी लादलेला एक ट्रक २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळाच्या टोकाशी बीड रस्त्यावरून चालला होता. दुपारी एक वाजून सहा मिनिटांनी इंडियन एअरलाइन्सचे मुंबईचे बोइंग विमान धावपट्टीवर धावू लागले. आत ११२ प्रवासी व ६ कर्मचारी. धावपट्टी संपता संपता ते जेमतेम उचलले आणि रस्त्यापासून सुमारे सात फुटांवर त्याचे डावे चाक व इंजिनाचा खालचा भाग ट्रकवर आदळला. पुढे तीन किलोमीटरवर ते विजेच्या उच्चदाबाच्या तारांना धडकून कोसळले. ५५ जण दगावले, ६३ वाचले.

'ट्रक आडवा आला म्हणून विमान पडले,' असे कोणी सहज बोलून जाईल. गरिबाच्या माथी दोष मारणे नेहमीच सोपे! चौकशीत मात्र दोन कारणे नोंदली गेली. वैमानिकांनी विमानाचे नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलले, हे पहिले. उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरील वाहतूक आवरण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण कमी पडले, हे दुसरे.

पूर्णा-परभणीकडे रेल्वे येण्याआधी फाटक पडते. ते उघडे राहून अपघात झाला, तर आपण आधी फाटकवाल्याला विचारतो, बैलगाडीवाल्याला नाही. केबिनमध्ये बसून समोरचा रस्ता पाहणाऱ्या ड्रायव्हरला बाजूने येणारे विमान कसे कळावे?

वैमानिकाचे कामही समजून घ्यावे. ठरावीक वेग येताच नाक वर घ्यायचे असते. क्षणभर उशीर झाला तरी शेकडो फूट धावपट्टी मागे पडते. त्यात उन्हाळ्यात हवा विरळ होते, पंखांना आधार कमी मिळतो आणि उठायला लांब धाव लागते.

लहान यंत्रांचीही तीच गत. २५ मे २०१७ रोजी लातूर जिल्ह्यात निलंग्याला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उडताच खाली आले आणि विजेच्या तारांत सापडले. आतील सहाही जण बचावले.