ओढलेल्या तारेतील स्वर

1966 च्या जुलै महिन्यात बीटल्स या वाद्यवृंदाचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन दिल्लीत उतरला आणि कॅनॉट प्लेसमधील रिखी राम यांच्या दुकानातून त्याने सतार विकत घेतली. सतारीवर मींड काढण्यासाठी पडद्यावर दाबलेली तार आडवी ओढतात. गिटारवादकाला ही क्रिया अनोळखी नसते; अमेरिकेच्या दक्षिणेकडील कृष्णवर्णीयांमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आकाराला आलेल्या ब्लूज संगीताचे गिटारवादन तर बव्हंशी तिच्यावरच उभे आहे. म्हणून रागसंगीतावर कान तयार झालेला दिल्लीतील एखादा विद्यार्थी गिटार हाती घेतो, तेव्हा ब्लूज त्याला अर्धेअधिक ओळखीचे वाटते.

ब्लूजची स्वरपंक्ती अशी: सा, कोमल ग, म, तीव्र म, प, कोमल नी. यातून तीव्र मध्यम वगळला तर धानी रागाचा आरोह उरतो. दोन मध्यम लागोपाठ ललितातही येतात. पण तेथे पंचम वर्ज्य असतो. येथे तीव्र मध्यम हा पंचमाच्या वाटेवरचा स्वर आहे, त्यावर सहसा विसावत नाहीत.

सर्वांत बारीक तारेचा पाचवा पडदा षड्ज मानावा. तिसऱ्या तारेच्या सातव्या पडद्यावर मध्यम सापडतो. ती तार अनामिकेने ढकलत पंचमापर्यंत न्यावी, मग दुसऱ्या तारेच्या पाचव्या पडद्यावरील पंचम आणि शेवटी षड्ज वाजवावा. अशा छोट्या तुकड्याला वादक ‘लिक’ म्हणतात. ओढलेला पंचम पडद्यावरच्या पंचमाशी जुळला की नाही, हे पडताळण्याची सोय या तुकड्यातच आहे.

गांधाराचे काम याहून अवघड. साथीच्या स्वरमेळात शुद्ध गांधार वाजत असतो आणि त्यावर वादक कोमल गांधार किंचित ओढून दोन्ही गांधारांच्या मध्ये कोठेतरी धरतो. त्या जागी पडदाच नाही. सहा स्वर शिडीसारखे चढून उतरणारा विद्यार्थी एकही स्वर चुकत नाही, आणि तरीही ते ब्लूज होत नाही, याचे कारण हेच.

लिकची लांबीही मनाला येईल तशी नसते. ब्लूजच्या आवर्तनात चार मात्रांचे बारा विभाग आणि चार-चार विभागांच्या तीन ओळी असतात. प्रत्येक ओळीचा साधारण अर्धा भाग गायक गातो. उरलेल्या अर्ध्यात गिटार उत्तर देते. ख्यालगायकामागे सारंगीवादक ज्या बेताने तुकडा घेऊन थांबतो, तोच बेत येथे लागतो. नाहीतर गायकाला पुढची ओळ उचलायला जागा उरत नाही.