एक बाई, एक गडी आणि दोन पायांची होडी

आपल्या मुखेडला समुद्र नाही. लेंडीला पूर आला की तेवढंच मोठं पाणी बघायला मिळतं. तरी आज एका होडीची गोष्ट सांगते, कारण ऑलिंपिकच्या शर्यतीत ही होडी उतरवायची तर तिच्यात एक बाई आणि एक पुरुष लागतातच. तसा नियमच आहे. होडीचं नाव नाक्रा १७.

अशा होडीला कॅटामरान म्हणतात. शब्द तमिळ आहे, कट्टुमरम. कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे लाकूड. तिकडचे कोळी ओंडके दोरानं बांधून समुद्रात जात. ते नाव पुढं इंग्रजीत गेलं आणि दोन होड्या जोडून केलेल्या नावेला चिकटलं.

नाक्रा सव्वापाच मीटर लांब आणि साधारण अडीच मीटर रुंद. दोन अरुंद होड्या, मध्ये आडवे दांडे आणि ताणून बसवलेलं जाड कापड. दोघं त्याच कापडावर बसतात, खाली खोली-बिली काही नाही. चालत्या एसटीत आपण पाय फाकवून उभ्या राहतो, तसंच हिचं. एका होडीवर उभी असणारी शिडाची नाव उलटू नये म्हणून खाली जड वजन लावतात. दिलना आणि रूपा या नौदलाच्या दोन अधिकारी २०२४-२५ मध्ये पृथ्वीला फेरी मारून आल्या, ती तारिणी तशी आहे. नाक्रा मात्र रुंदीवर उभी राहते, म्हणून हलकी, म्हणून पळते.

पण वारा जोरात आला की एक बाजू उचलते. कडब्याची गाडी कलली की दुसऱ्या अंगाला माणसं लोंबकळतात ना, तेच इथं. डोलकाठीला बांधलेल्या तारेत कमरेचा पट्टा अडकवून दोघंही काठावर पाय रोवतात आणि पाण्यावर आडवी होतात. दोघांचं मिळून वजन किती, याला फार महत्त्व आहे. हलका वारा असला तर जड जोडी मागं पडते, जोराच्या वाऱ्यात हलकी जोडी होडी दाबून धरू शकत नाही.

आता नवी गंमत. टोकियोच्या ऑलिंपिकपासून हिच्या खाली वाकडी पाती असतात. वेग आला की ही पाती विमानाच्या पंखासारखी होडीला पाण्याच्या वर उचलतात. पाण्याचा अडथळा कमी, वेग आणखी जास्त. पण तोल क्षणात जातो, म्हणून डोक्यावर हेल्मेट.

काम कसं वाटतात? एकजण सुकाणू धरतो, दुसरा शिडाचे दोर ओढतो. वाऱ्याच्या विरुद्ध जाताना मोठ्या शिडाचा दोर बहुतेक दुसऱ्याच्याच हातात. ते अंगमेहनतीचं काम, आणि पुष्कळ जोड्यांत ते बाई करते. सुकाणू पुरुषाकडंच, असं मात्र नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये न्यूझीलंडच्या जेमा जोन्सनं सुकाणू धरलं होतं आणि जोडी चौथी आली. त्यावेळी सोनं अर्जेंटिनाच्या सांतियागो लांगे आणि सेसिलिया करांझा यांना मिळालं. लांगे ५४ वर्षांचे, कर्करोगामुळं फुप्फुसाचा भाग काढलेला. पुढं टोकियो आणि पॅरिस, दोन्हीकडं इटलीचे रुजेरो टिटा आणि कातेरिना बांती.

आपल्याकडूनही २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सिद्धेश्वर डोईफोडे आणि रम्या सरवणन ही जोडी नाक्रा १७ वर उतरली होती. पदक आलं नाही, पण शीड भारताचं होतं.