कोथिंबीर आली नाही, आणि आमची इतर दुःखे

सध्या आमचे घर फार मोठ्या संकटांतून जात आहे. वाय-फाय हॉलमध्ये झकास चालते, मधल्या खोलीत बरे चालते, पण बाल्कनीतल्या झोपाळ्यावर बसले की व्हिडिओ थांबतो आणि पडद्यावर नुसते चक्र फिरत राहते. झोपाळा घ्यायचा की व्हिडिओ, हा निर्णय रोज करावा लागतो. मोबाइलच्या चार्जरची वायर पलंगापर्यंत पोहोचते, उशीपर्यंत पोहोचत नाही. फ्रिज इतका गच्च आहे की दह्याचे पातेले आत ठेवायचे तर आधी कालची खीर संपवली पाहिजे. आणि कालची खीर कुणालाच नको आहे, कारण ती कालची आहे.

एसीवरून तर घरात दोन पक्ष पडले आहेत. अब्बांना 27 हवा, मुलांना 20. अम्मींनी मध्यस्थी करून 24 ठरवला. तेव्हापासून अब्बा चादर ओढून आणि मुले चादर फेकून झोपतात, आणि सकाळी दोन्ही पक्ष सारखेच नाराज उठतात.

सणासुदीला दुःखांना भरती येते. ईदच्या दिवशी पाचव्या घरी शीरखुर्म्याची वाटी पुढे आली की पोट हात जोडते, पण 'नको' म्हटले तर फुफी, खाला, चाची यांपैकी कुणीतरी आयुष्यभर लक्षात ठेवणार. चंद्रकोरीचे तेच चित्र सकाळपासून चाळीस जणांनी पाठवलेले असते आणि चाळिसांनाही उत्तर द्यायचे असते. शिंप्याने चांदरातीला दिलेला कुर्ता खांद्यात आखूड निघतो. आणि लग्नसराईत एकाच संध्याकाळी दोन वलीमे, दोन्हीकडे बिर्याणी! न जेवता उठावे तर यजमान रुसतात, जेवावे तर पोट रुसते.

वाचकहो, हसू नका. ही यादी थोडीफार तुमच्याही घरात आहे. फरक असेल तर तुमच्याकडे खीर नसून दुधी हलवा असेल.

आमच्या घरात या सगळ्या दुःखांकडे शांतपणे पाहणारे एकच माणूस आहे, ते म्हणजे दादी. वय ऐंशीच्या पुढे. आम्ही राहतो पुण्यात, कोंढव्याला. पण दादींचे मन अजून आमच्या मूळ गावी, मिरजेतच आहे. कुणी 'नेट स्लो आहे' म्हणून कपाळाला हात लावला की त्या विचारतात, "नंबर लावलाय का?" दादींच्या काळात सगळ्याच गोष्टींना नंबर लावावा लागे. टेलिफोनसाठी नंबर, गॅससाठी नंबर. बजाजच्या चेतक स्कूटरसाठी तर लोक वर्षानुवर्षे थांबत. मुलाच्या लग्नासाठी नोंदवलेली गाडी नातवाला शाळेत सोडायला उपयोगी पडे.

परगावी फोन करायचा तर ट्रंक कॉल. त्याचेही तीन भाव: साधा, अर्जंट आणि लाइटनिंग. लाइटनिंगला साध्याच्या आठपट पैसे पडत, म्हणून तो कॉल आला की घरातली माणसे उचलायच्या आधीच रडायला लागत. एवढे पैसे कुणी चांगल्या बातमीसाठी घालवत नसे.

आमच्या फुफी लग्नानंतर दम्मामला गेल्या. सुरुवातीच्या वर्षांत फोन परवडत नसे, म्हणून त्या कॅसेट भरून पाठवत. आखाती देशांत माणसे गेलेल्या कितीतरी घरांत ही पद्धत होती. कुणी सुट्टीवर गावी निघाले की त्याच्या बॅगेत साबण, अत्तर, कापड आणि एक कॅसेट. ती आली की दादी गल्लीतल्या चार बायकांना बोलावून टेपरेकॉर्डरभोवती बसत. फुफी सलाम करत, एकेकाचे नाव घेऊन खुशाली विचारत, मध्येच गप्प होत. त्या गप्प झाल्या की इकडे सगळ्या बायका डोळे पुसत. आता फुफींचा व्हिडिओ कॉल येतो. पैसे पडत नाहीत, चेहरा दिसतो, आणि आमची तक्रार असते की चित्र मध्येमध्ये अडकते.

हे ऐकून लगेच 'आजकालच्या पिढीला किंमत नाही' असा निकाल देण्याची रीत आहे. आम्हाला तो निकाल मान्य नाही. सवय झालेले सुख दिसेनासे होणे हा माणसाच्या मनाचा स्वभावच आहे. 1978 साली अमेरिकेत फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी लॉटरी लागलेल्या 22 जणांची तुलना शेजारपाजारच्या साध्या माणसांशी केली. लॉटरीवाले फारसे अधिक सुखी निघाले नाहीत. उलट रोजच्या लहानसहान गोष्टींत त्यांना इतरांपेक्षा कमी मजा वाटत होती. या लहानसहान गोष्टींत मित्राशी गप्पा, न्याहारी, एखादा विनोद ऐकणे आणि चक्क मासिक वाचणे हेही होते. तेव्हा वाचकांना नम्र सूचना, की लॉटरी लागली तरी मासिकाची वर्गणी चालू ठेवा.

मनाच्या या स्वभावाची दुसरी बाजूही त्याच अभ्यासात होती. अपघातात हातपाय निकामी झालेली 29 माणसे इतरांपेक्षा कमी सुखी होती हे खरे, पण आपण कल्पना करतो तितकी दुःखात बुडालेली नव्हती. जे मन एसीला सरावते, तेच मन दुःखालाही हळूहळू सरावते. त्यामुळे दिवसातून चारदा 'चार्जरची वायर आखूड आहे' म्हणणाऱ्या माणसाला आम्ही नाशुक्रा म्हणणार नाही. त्याच्याकडे कुरकुर करायला मोठे कारण नाही, यातच आनंद आहे.

पाण्याचेच पाहा. आमच्याकडे फिल्टर बसवल्यापासून घरात कुरकुर आहे की पाण्याला चवच नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये आमच्या मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. पहिल्या गाडीत सुमारे 5 लाख लिटर पाणी होते. लातूरकरांनी तेव्हा चवीची चौकशी केल्याचे ऐकिवात नाही. ज्या दिवशी घरात पाण्याच्या चवीवर वाद होतो, त्या दिवशी नळाला पाणी आलेले असते, एवढे समजून घेतले की झाले.

मग अडचण कुठे आहे? अडचण तक्रारीत नाही, तिच्या उतारात आहे. तक्रारही पाण्यासारखीच, उताराकडे धावते. वाय-फाय कंपनीच्या मोठ्या साहेबापर्यंत ती चढत नाही. फोनवर बोलणाऱ्या पंचवीस वर्षांच्या मुलीवर कोसळते. बिर्याणीत मीठ कमी पडले तर कंत्राटदाराला कुणी बोलत नाही, वाढणाऱ्या पोराला बोलतात.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. किराणा ऑनलाइन मागवला होता. सामान आले, सगळे आले, फक्त कोथिंबीर आली नाही. कोथिंबीर फुकट होती, तरी आली नाही म्हणजे जणू वडिलोपार्जित जमीन गेली. आमच्या धाकट्याने मोबाइल उघडला आणि सामान आणणाऱ्या मुलाला एक स्टार देण्यासाठी अंगठा उचलला. तेवढ्यात दादींनी विचारले, "हे काय करतोस बेटा?"

"दादी, कोथिंबीर विसरला तो."

"पिशवी त्याने भरली का?"

पिशवी त्याने भरली नव्हती. ती गोदामात दुसऱ्याच कुणी भरून चिकटपट्टी लावून दिली होती. आणणाऱ्याला आत काय आहे हे माहीतही नसते. तो भिजत आला, तीन मजले चढला आणि 'थँक्यू सर' म्हणून गेला. धाकट्याचा अंगठा खाली आला. मग त्याने अॅपमध्ये 'वस्तू आली नाही' असे लिहायची जागा शोधली. ती आहे, पण सहा ठिकाणी बोट दाबल्यावर सापडते. स्टार मात्र समोरच चमकत असतात.

आमच्या नात्यातला एक मुलगा हेच काम करतो. तो म्हणतो, "पाऊस पडला की लोक जास्त मागवतात, आणि उशीर झाला की जास्त चिडतात. पाऊस दोघांवरही एकच पडतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही." स्टार कमी झाले तर काम कमी मिळेल, ही धास्ती त्याला कायम असते. काही इमारतींत त्याला लिफ्ट वापरायलाही मनाई आहे. असे काम करणारे थोडेथोडके नाहीत. नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालात, अॅपवर आणि तशा सुट्या कामांवर जगणाऱ्यांचा आकडा 2020-21 साठी 77 लाख धरला आहे, आणि 2029-30 पर्यंत तो 2 कोटी 35 लाखांवर जाईल असा अंदाज दिला आहे. आपल्या मोहल्ल्यातलीही कितीतरी मुले त्यात आहेत. एका घराच्या दारात जो सामान घेऊन उभा असतो, तो दुसऱ्या घराचा भाचा किंवा पुतण्या असतो.

हा उतार घराबाहेरच असतो असे नाही. रमजानमध्ये कुठल्याही घरात पाहा. मगरिबची अजान होते, खजूर तोंडात जातो आणि दोन मिनिटांत सूचना सुरू होतात. शरबत पुरेसे गार नाही, भजी थोडी कमी तळली, चटणीत मिरची जास्त. या सगळ्या सूचना एकाच दिशेने जातात, स्वयंपाकघराकडे. तिथे जी उभी असते तिचाही रोजा असतो. तिने फक्त खजूर खाऊन घोटभर पाणी प्यायलेले असते, आणि भज्यांचा दुसरा घाणा तिच्या हाती असतो. तिची तक्रार कुणाच्या कानी पडत नाही, कारण तिला ती करायला वेळच नसतो.

यावर आमच्या धाकटीने एक तोडगा काढला. ती कॉलेजात जाते, त्यामुळे तिला नियम करायची आवड आहे. दर शुक्रवारी रात्री जेवणानंतर तक्रारींसाठी पंधरा मिनिटे. नियम तीन. पहिला: तक्रार वस्तूविरुद्ध किंवा कंपनीविरुद्ध चालेल, हातात सामान घेऊन आलेल्या किंवा ताट वाढणाऱ्या माणसाविरुद्ध नाही. दुसरा: त्या दिवशी ज्याने स्वयंपाक केला त्याला पहिली पाळी. तिसरा: जो काहीच बोलत नाही, त्याला नाव घेऊन विचारायचे.

पहिल्या शुक्रवारी पहिली पाळी अर्थातच भाभींची आली. "माझं काही नाही," म्हणून त्यांनी ती पुढे ढकलली. धाकटीने तिसरा नियम लावला. थोडा वेळ गेला. मग त्या म्हणाल्या, "मला तव्यावरची गरम चपाती खायची आहे. दुसऱ्या कुणी केलेली."

कुणी हसले नाही. भाभींच्या लग्नाला अकरा वर्षे झाली आहेत.

दादींना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमचा व्हिडिओ चांगला आहे, पण बंद झाला की संपतो. कॅसेट परत ऐकता यायची." ही तक्रार आमच्यापैकी कुणाच्या कल्पनेतही नव्हती. धाकटीने त्याच रात्री दम्मामला फोन लावला. आता फुफी व्हिडिओ कॉलबरोबर आठवड्यातून एकदा लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवतात. त्यात त्या एकेकाचे नाव घेऊन खुशाली विचारतात, आणि दादी दुपारी मोबाइल कानाला लावून तोच संदेश तीन-तीन वेळा ऐकतात.

आमच्या नियमांनी जगाचे काही बदलणार नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण तुम्हीही एखाद्या रात्री हा प्रयोग करून पाहा. वाय-फाय, एसी आणि खिरीची दुःखे मोकळेपणाने मांडा, हसा. मग त्या खोलीत इतका वेळ गप्प कोण बसले आहे ते पाहा आणि त्यांना नाव घेऊन विचारा. घाई करू नका; अशा माणसांचे पहिले उत्तर नेहमी "माझं काही नाही" असेच असते.

आमच्याकडे शुक्रवारच्या चपात्या आता भाई करतात. त्या गोल होत नाहीत. एखादी महाराष्ट्राच्या नकाशासारखी होते, एखादी गोव्यासारखी. भाभी पाटावर बसून पहिली गरम चपाती खातात. गेल्या आठवड्यात त्यांनी जाहीर केले की चपात्या जाड होतात आणि कडेला कच्च्या राहतात. तक्रार तव्याविरुद्ध असल्याचे त्यांनी सांगितले, त्यामुळे ती नियमात बसते. आम्ही ती नोंदवून घेतली आहे.