दोन किलोबाइटची वेस

महाराष्ट्रात इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांची मायक्रोकंट्रोलरशी पहिली ओळख झाली ती ८०५१ या चिपमुळे. इंटेलने ती १९८० साली आणली. आत ४ किलोबाइट रॉम आणि १२८ बाइट रॅम. इंटेलने हात काढून घेतला तरी इतर कंपन्यांनी तिचे वंशज चालू ठेवले, आणि कॉलेजच्या लॅबमध्ये ती टिकली. तिच्यासाठी सी भाषेत लिहायचं म्हटलं की काइलच्या कम्पायलरचं नाव निघतं. कम्पायलर उत्तमच आहे, पण त्याची चाचणीपुरती मोफत आवृत्ती २ किलोबाइटच्या पुढे कोड काढत नाही. एलईडी लुकलुकवणं, एलसीडीवर नाव उमटवणं त्यात आरामात बसतं. प्रोजेक्ट जरा वाढला की वेस लागते. परवान्याचे पैसे विद्यार्थ्याला झेपत नाहीत आणि चोरीची प्रत पेनड्राइव्हवरून फिरू लागते. याचं मला वाईट वाटतं, कारण सरळ रस्ता शेजारीच होता.

त्याचं नाव एसडीसीसी, म्हणजे स्मॉल डिव्हाइस सी कम्पायलर. संदीप दत्ता यांनी तो सुरू केला, पुढे स्वयंसेवकांनी वाढवला. कोडच्या आकाराला बंधन नाही आणि सगळा स्रोत उघडा. त्याच्या पोटात डोकावलं की या धंद्यातली खरी अडचण कळते. सी भाषेतलं फंक्शन आपली तात्पुरती व्हेरिएबल्स सहसा स्टॅकवर ठेवतं. ८०५१ मध्ये स्टॅक आतल्या इवल्याशा रॅममध्येच मावावा लागतो. म्हणून एसडीसीसी एरवी त्यांना ठरलेले पत्ते देतो, आणि जी फंक्शनं पुढे दुसऱ्या कुणाला बोलावत नाहीत त्यांना शक्य असेल तिथे एकच जागा वाटून देतो. याची किंमत मोजावी लागते. तेच फंक्शन मुख्य प्रोग्रॅममधूनही बोलावलं आणि इंटरप्टमधूनही, तर एकाचे आकडे दुसरा पुसतो. ते टाळायचं तर ते फंक्शन रीएंट्रंट असल्याचं स्पष्ट लिहावं लागतं. असले निर्णय कम्पायलरने का घेतले, हे मुलाला स्रोत उघडून वाचता येतं. माझ्या मते फुकट मिळण्यापेक्षा हे कितीतरी मोठं आहे.

तैवानच्या पाडॉक कंपनीची गोष्ट तर मला फार आवडते. तिच्या काही चिप अवघ्या काही अमेरिकी सेंटांना मिळतात, पण कंपनीचं साधन विंडोजपुरतं आणि त्याची भाषाही पूर्ण सी नव्हे. उत्साही लोकांनी चिपच्या सूचना एकेक करून उलगडल्या, प्रोग्रॅम बर्न करणारं स्वतःचं बोर्ड बनवलं आणि एसडीसीसीत या चिपची सोय करून घेतली.

मोठ्या प्रोसेसरांची कहाणी जीसीसी या खुल्या कम्पायलरपासून सुरू होते. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८७ साली लोकांपुढे ठेवला. लॅपटॉपवर चालायचं आणि कोड मात्र भलत्याच प्रोसेसरसाठी काढायचा, हे क्रॉस कम्पायलरचं काम त्याला चांगलं साधतं. पण ते साधवून घ्यायला माणसं लागतात, आणि माणसांना पगार लागतो. १९८९ मध्ये जॉन गिलमोर, मायकेल टीमन आणि डेव्हिड हेंकेल-वॉलेस यांनी अमेरिकेत सिग्नस ही कंपनी काढली. कम्पायलर मोफत, पैसे घ्यायचे ते नव्या चिपवर तो चालवून देण्याचे आणि दुरुस्तीचे. चिप कंपन्यांना याची गरज होतीच, कारण कम्पायलर नसलेला प्रोसेसर कोण विकत घेणार? छोट्या बोर्डांवर मावणारी न्यूलिब ही सी लायब्ररी सिग्नसमध्येच घडली. आजही एआरएमच्या कितीतरी बोर्डांवर प्रिंटएफ लिहिलं की तिचाच कोड धावतो.

सिग्नसने इकॉस नावाची रिअल टाइम ऑपरेटिंग सिस्टिमही केली. पुढे रेड हॅटने सिग्नस विकत घेतली आणि २००२ मध्ये इकॉसचं काम थांबवलं. बंद सॉफ्टवेअर असतं तर ग्राहक वाऱ्यावर पडले असते. इथे काही अभियंत्यांनी वेगळी कंपनी काढली आणि तोच कोड सांभाळला. यंत्राचं कंट्रोल बोर्ड कारखान्यात पंधरा-वीस वर्षं चालतं; सॉफ्टवेअर विकणाऱ्याचा बेत एवढा टिकेल याचा भरवसा नसतो.

चालू चिपच्या आत बघायचं साधन, म्हणजे डीबगर, पूर्वी सगळ्यांत महाग. जर्मनीत ऑग्सबर्गच्या डोमिनिक राथ यांनी २००५ साली पदवीच्या प्रबंधासाठी ओपनओसीडी लिहिलं आणि स्वस्त जेटॅग अडॅप्टरवरून प्रोग्रॅम थांबवणं, मेमरी वाचणं, फ्लॅश करणं शक्य झालं. आर्दुइनोची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. तिच्यामागे हर्नान्दो बारागान यांचा २००३ मधला वायरिंग हा प्रकल्प आहे, आणि अपलोडच्या बटणाखाली राबणारे जीसीसी व चिपवर कोड चढवणारं एव्हीआरड्यूड आहेत. त्यांची नावं फारशी घेतली जात नाहीत.

आपल्याकडे पवईच्या आयआयटीतला फॉसी प्रकल्प ईसिम हे सर्किट आराखड्याचं खुलं साधन सांभाळतो. ईएसपी३२ बनवणाऱ्या एस्प्रेसिफ या चिनी कंपनीचं कार्यालय पुण्यात आहे. तिची ईएसपी-आयडीएफ ही साधनपेटी खुली आहे. तिच्या मुळाशी जीसीसी, फ्रीआरटॉस ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम आणि ओपनओसीडीच आहेत. खुल्या कोडवर पगारी अभियंते बसवण्याची सिग्नसची रीत इथेही दिसते. भोसरी-चाकण-सातपूरच्या कारखानदारांनी ती उचलावी. ज्या साधनावर आपलं बोर्ड उभं आहे त्यातली चूक सापडली की ती आपल्यापुरती बुजवू नये, दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे पाठवावी आणि त्या कामाचे तास अभियंत्याच्या पगारात धरावेत.